एका खोलीतल्या चुका

चमच्यांच्या कारखान्यात तिला सगळे 'अंगठेबहाद्दर' म्हणत. हा शब्द कुणाला लावतात हे तिलाही ठाऊक होतं आणि म्हणणाऱ्यांनाही. पण तिथे त्याचा मान उलटा होता. पॉलिश होऊन आलेला प्रत्येक चमचा शेवटी तिच्या उजव्या अंगठ्याखालून जायचा. अंगठा काठावरून एकदा गोल फिरला, की चमचा उजव्या खोक्यात नाही तर डाव्या. उजवीकडचे दुकानात, कुणाच्या तरी ओठांना लागायला. डावीकडचे परत घासायला. चांगले डोळे असलेल्यांकडून सुटलेली केसाएवढी धार तिच्या अंगठ्याखालून सुटत नसे. नव्या माणसाला मुकादम मोठ्या दिमाखात तिची ओळख करून द्यायचा, "ही आमची अंगठेबहाद्दर. हिला दिसत नाही, म्हणून कारखान्याची अब्रू शिल्लक आहे."

दिसत नव्हतं ते जन्मापासूनच. वय सव्वीस. घरात आई आणि थोरला भाऊ. वडील ती शाळेत असतानाच गेले. घरी ती 'धाकटी'. कारखान्यात दिवसाला हजार चमच्यांचा निकाल लावणाऱ्या या धाकटीला घरी आल्यावर पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलावा लागत नसे. तहान लागायच्या आधी तो हातात यायचा. आईचं लक्षच तसं असे. पुस्तक हातात घेऊन विंगेत उभं राहणाऱ्या माणसासारखी आई पंचवीस-सव्वीस वर्षं तिच्या मागे उभी होती. पोरगी अडखळायच्या आतच पुढचा शब्द पुरवायची. आता ज्या नटाला अडखळूच देत नाहीत, त्याला आपलं पाठ आहे की नाही हे कळायचं कसं?

म्हणून एका रविवारी जेवताना धाकटी म्हणाली, "मला एक खोली बघायचीय. एकटीला राहायला."

दादाचा घास हातातच राहिला. "आणि जेवण कोण करणार?"

"मी."

"हात भाजला म्हणजे?"

"फुंकर मारीन."

"ही थट्टा नाहीये."

"मी तरी कुठे थट्टा करतेय? तू भाजतोस तेव्हा काय करतोस?"

"मी भाजतच नाही."

"कारण तू आयुष्यात गॅस पेटवला नाहीस," धाकटी म्हणाली, आणि दादाला हसू आवरेना.

आईने दादाच्या पानात भात वाढला. मग म्हणाली, "जाऊ दे तिला." इतक्या लगेच हो येईल असं त्या दोघांना वाटलं नव्हतं. दादाने मात्र अट घातली. सहा महिने. जमलं तर जमलं. आणि नाही जमलं, तर धाकटीने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि वाद न घालता घरी यायचं. धाकटीने हात पुढे केला, दादाने टाळी दिली.

खोली मिळायला चार महिने लागले. फोनवर सगळे हो म्हणायचे. पांढरी काठी दारात दिसली की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची. शेवटी एक घरमालक भेटला. तोही म्हणाला, "सहा महिने बघू. मग पुढचं ठरवू." म्हणजे परीक्षक दोन झाले.

तिसरा मजला, बेचाळीस पायऱ्या, जिन्याच्या तळाशी इस्त्रीचं टेबल मांडून बसलेली एक मावशी. खोलीचं दार उघडलं की चार पावलांवर ओटा, ओट्याच्या डावीकडे खिडकी, उजव्या भिंतीला कपाट, मागे पलंग. सामान लावायला तिने दोन दिवस घेतले. दादा मदतीला आला होता, त्याला तिने उंबऱ्याबाहेर पायरीवर बसवलं. ओट्यावर किटली भिंतीपासून एक वीत. किटलीपासून चार बोटांवर लायटर. बरण्या सगळ्या एकाच मापाच्या, म्हणून त्यांच्या गळ्यात रबरं: मिठाला एक, साखरेला दोन, चहाच्या पावडरीला एकही नाही. कपड्यांच्या आतल्या शिवणीला गाठी: लाल कुर्ता एक गाठ, हिरवा दोन, आणि त्यांच्या सलवारींनाही तशाच.

रंगभूमीवर जुन्या मंडळींचा एक कडक नियम असायचा. तालमीत पेला जिथे होता, प्रयोगातही तो तिथेच हवा. दोन बोटं सरकला, तर भर प्रसंगात नटाचा हात हवेत जातो आणि हजार माणसं हसतात. सामान मांडणारा माणूस खडूने खुणा करून ठेवायचा आणि त्या खुणांना दुसऱ्या कुणी पाय लावलेला त्याला खपत नसे. धाकटीच्या खोलीत खडू नव्हता. खुणा सगळ्या तिच्या डोक्यात होत्या.

पहिला महिना सोन्यासारखा गेला. पाणी उकळायच्या आधी किटली कशी कुजबुजते, भात होत आला की झाकणाचा आवाज कसा बसका होतो, हे तिला कळू लागलं. एकदा भात करपला. तिने तो खिडकीत बसून मिटक्या मारत खाल्ला. आपला स्वतःचा करपलेला भात! दुसऱ्या रविवारी आईला आणि दादाला जेवायला बोलावलं. दादा दोनदा मागून जेवला. आई म्हणाली, "छान केलंयस." मग भांड्यांचा आवाज थांबल्यावर धाकटीला ओट्याशी फडक्याची सळसळ ऐकू आली.

"आई, काय करतेयस?"

"काही नाही गं. जरा हात फिरवतेय."

"हात नाही फिरवायचा."

"बरं बाई, नाही फिरवत." आईने फडकं ठेवलं. तिच्याकडे खोलीची दुसरी किल्ली होती; अडीअडचणीला म्हणून सगळ्यांच्या देखत तिला दिलेली.

दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी धाकटीने किटलीसाठी हात घातला, तो हवेत गेला. किटली होती, पण दीड वीत पुढे. तिला हसू आलं. 'सकाळी घाईत ठेवली असेल,' म्हणाली आणि चहा केला.

मग एकदा उकडलेल्या अंड्यावर मीठ म्हणून साखर पडली. रबरं मोजली, तर तिन्ही बरण्यांना एकेक. तिसऱ्या बरणीला रबर आपण कधी लावलं? आठवेना. मग बंद केलेली खिडकी उघडी सापडली. मग एका सकाळी ती कारखान्यात पोचली, तर पॅकिंगच्या पोरी खिदळायला लागल्या.

"काय गं, आज पोपट होऊन आलीस?"

"म्हणजे?"

"वर लाल, खाली हिरवं. फक्त चोच राहिली."

तीही त्यांच्याबरोबर हसली. पण जेवणाच्या सुट्टीत मोरीत जाऊन तिने शिवणीतल्या गाठी चाचपल्या. गाठी बरोबर होत्या. म्हणजे कपाटात जोड्या चुकीच्या टांगल्या होत्या, आणि काढताना तिने सलवारीची गाठ बघितली नव्हती. टांगल्या कुणी? तिनेच. खोलीत दुसरं होतंच कोण?

त्या दिवसापासून ती फोनवर स्वतःच्याच आवाजात नोंद करू लागली. वार आणि चूक; आधीच्या चुकाही आठवून घातल्या. "सोमवार. लायटर कपाटावर." "गुरुवार. पायपुसणं दारापासून लांब." आपलं डोकं आपल्याला दगा देतंय, ही गोष्ट कुणाला सांगायची? दादाला सांगितली तर सहा महिने तिथेच संपले. आईला सांगितली तर आई रात्रीची झोप सोडेल. त्यामुळे संध्याकाळी आईचा फोन आला की ती म्हणायची, "सगळं छान."

"खरंच ना?" आई विचारायची. "काही विसरत-बिसरत नाहीस ना? आवाज दमलेला वाटतो गं तुझा. घर काही लांब नाहीये, राणी."

चौथ्या महिन्यापर्यंत ती दार लावून पुन्हा उघडून बघू लागली. बेचाळीस पायऱ्या उतरायची आणि नळ आठवून पुन्हा चढायची. कारखान्यात त्याच वेडाने अंगठा पछाडला. एकदा फिरवून समाधान होईना, म्हणून दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा गुळगुळीत काठही टोचतो. डावं खोकं भरू लागलं. मुकादमाने त्यातले दहा चमचे उचलून स्वतः बघितले आणि तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "हे दहाच्या दहा चांगलेत. चमचे बिघडलेत की अंगठा?"

"अंगठा," ती म्हणाली.

मुकादमाला विनोद सुचला नाही. त्याने ते दहाही चमचे उजव्या खोक्यात टाकले.

पाचव्या महिन्यातल्या एका बुधवारी तिने दार उघडलं आणि वासाने मागे सरली. गॅस. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं, खाली सिलिंडरही उघडा. तिने सगळं बंद केलं, खिडकी ढकलली, आणि बाहेर पायरीवर येऊन बसली. खाली इस्त्रीवाली मावशी होती, वर दोन लेकरांचं घर होतं. सिलिंडर बंद केल्याशिवाय ती खोलीबाहेर कधी पडत नसे. निदान आपण पडत नाही, असं तिला वाटत होतं. पण आता स्वतःला काय वाटतं याची किंमत तिच्या लेखी शून्य होती.

तिने दादाला फोन लावला. "ठरल्याप्रमाणे सांगतेय. मला नाही जमत."

टोमणा येईल म्हणून तिने दात घट्ट आवळले होते. दादाने टोमणा मारला नाही. "रविवारी टेम्पो आणतो," एवढंच म्हणाला.

घरमालकालाही तिने त्याच दिवशी कळवलं. त्याने जणू सुटकेचा श्वास सोडला.

रविवारी दादा पलंगाचे स्क्रू काढत वर थांबला आणि धाकटी मावशीकडे राहिलेले दोन कपडे आणायला खाली आली. मावशीने घडी तिच्या हातात दिली, वर गालावरून हात फिरवला. "जा बाई, सुखी राहा. चला, तुझ्या आईचे जिने तरी वाचले. गुडघे धरून धरून चढायची बिचारी."

"आई? एकदाच तर आली होती."

"एकदा कुठे? दर सोमवारी आणि गुरुवारी. तू कामाला गेलीस की तासाभराने हजर. झाडायची, पुसायची, तुझं सगळं नीटनेटकं लावून जायची. म्हणायची, पोरीला सांगू नका, तिच्या मनाला लागेल. आता जातेच आहेस म्हणून बोलले हो. अशी आई मिळायला भाग्य लागतं."

धाकटीने कपड्यांची घडी टेबलावर ठेवली. आणि तिथेच, इस्त्रीच्या उबेत उभी राहून, तिने घरमालकाला फोन लावला. खोली सोडायची नाहीये, चूक झाली, म्हणाली. तो म्हणाला, "अहो, कालच दिली. नवराबायको आहेत. तुम्हीच म्हणालात ना, जमत नाही म्हणून?"

तो खोटं बोलत नव्हता. ती तसंच म्हणाली होती.

घरी आईने दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाली. धाकटीने पिशवी सोडली नाही.

"सोमवारी आणि गुरुवारी," ती म्हणाली.

आईने पुढे केलेला हात मागे घेतला. मग तिला रडू फुटलं. "मी काय वाईट केलं गं? धूळ पुसली. तुला दिसत नाही, मला दिसते. ओट्यावर डाग असायचे. बरण्यांना ती जुनाट रबरं, म्हणून नवीन आणून लावली. तीन बरण्या, तीन रबरं."

"ती रबरं मोजायला होती, आई."

"मला काय माहीत? तू सांगितलं होतंस का?"

"तू यायचीस हे मला माहीत होतं का? आणि रोज संध्याकाळी विचारायचीस, काही विसरत नाहीस ना. तेव्हा तुला कळत नव्हतं, मी कशाला घाबरतेय?"

आई रडायची थांबली. विचारल्यावर नाकारायचा तिचा स्वभाव नव्हता. "कळत होतं," ती म्हणाली. "म्हटलं, आपणहून परत येशील. तू गेल्यापासून या घरात माझ्या हातांना काही कामच उरलं नव्हतं."

दादा दारातच उभा होता, पलंगाची फळी खांद्यावर घेऊन.

धाकटीने फोन काढला आणि आपल्याच नोंदी मोठ्याने लावल्या. एकेका नोंदीला थांबायची. "किटली?" "माझ्या हातून." "खिडकी?" "मीच उघडली, हवा यायला." "सलवारी?" "मी टांगल्या." एक एक चूक आईच्या पदरात जात होती आणि धाकटीच्या पाठीचा कणा ताठ होत होता. शेवटी बुधवारचा गॅस आला.

"तोही मीच," आई लगेच म्हणाली. "शेगडी पुसताना बटण फिरलं असणार. सगळ्या माझ्याच चुका. तुझी एकही नाही. झालं समाधान?"

दादाने फळी खाली ठेवली. "आई, बुधवारी तू माझ्याबरोबर होतीस. दाताच्या डॉक्टरकडे, सकाळपासून. तू तिकडे गेलीच नाहीस."

"तू गप्प बस रे!"

"का गप्प बसू? ती विचारतेय, तर खरं सांग ना तिला."

धाकटीने फोन बंद केला. म्हणजे गॅस तिचा. पाच महिन्यांत घातक म्हणावी अशी ती एकच गोष्ट झाली, आणि ती तिची होती. रात्र-रात्र जागून, स्वतःवर संशय घेऊन घेऊन पिचलेल्या डोक्याने केलेली. की त्या पिचलेपणाशिवायही ती झाली असती? हे आता या जगात कुणीच सांगू शकणार नव्हतं.

"दादा," तिने विचारलं, "या पाच महिन्यांत तू काय काय विसरलास?"

दादाने प्रामाणिकपणे आठवलं. "दोनदा घराचं कुलूप. एकदा गिझर दिवसभर चालू."

"मग तुला कुणी परत आणलं?"

पुढचे दिवस घरात कडू गेले. धाकटी बाहेर जशी होती तशीच होती. अंगठा पंधरा दिवसांत ताळ्यावर आला, मुकादमाचे विनोदही आले. घरात मात्र तिने हात उचलणं बंद केलं. जेवायला बसली की हात मांडीवर. पाणी हवं असलं की नुसता पंजा पुढे करायची, आणि पेला त्यात येईपर्यंत तसाच धरून ठेवायची. ताट कुठे, विचारायची नाही. कुणी हात धरून लावला तर खायची. आंधळ्याची भूमिका इतकी हुबेहूब तिने आयुष्यात कधी वठवली नव्हती. पहिले चार दिवस आईने हौसेने सगळं केलं. मग तिचा आवाज कापरा व्हायला लागला.

"तुला येतं ना गं सगळं? मग घे की."

"येतं. इथे नाही येत."

"किती दिवस छळणार आहेस मला?"

"तुझ्या हातांना काम नव्हतं ना?"

हे बोलणं निष्ठुर होतं, आणि ते निष्ठुर आहे हे तिला ठाऊक होतं. तरी ते मागे घ्यावं असं तिला वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी आईनेच दादाला सांगितलं, हिच्यासाठी जागा बघ. दादाला सुट्टी मिळेना, म्हणून आईच बरोबर जाऊ लागली. पत्ते वाचून दाखवायची, दारापर्यंत न्यायची. जाताना बोलणं बेतास बात. सात जागा अशाच गेल्या. आठवी मनासारखी होती: पहिला मजला, ओटा दारापासून पाच पावलं, कारखान्याची बस कोपऱ्यावर. धाकटीने भिंती चाचपल्या, खिडकीची कडी काढून लावून बघितली. घरमालकीण सज्जन होती, तिने पाणी विचारलं, कुठे काम करते विचारलं. मग आईकडे वळून म्हणाली, "तुम्ही सोबत राहणार असाल ना, तर आमची काही हरकत नाही. आजपासून द्यायला तयार आहे. एकट्या मुलीची जबाबदारी नको बाई, आणि त्यातून ही अशी."

धाकटी खिडकीशीच थांबली. हो म्हणायला आईला एक क्षण पुरला असता. हवं होतं ते समोर वाढून ठेवलं होतं. दुसऱ्याने आग्रहाने वाढलेलं. आईच्या बांगड्या एकदा वाजल्या. ती पदर सारखा करत असावी.

"नाही," आई म्हणाली. "मी नाही राहणार. ती एकटीच राहील."

"मग अवघड आहे," घरमालकीण म्हणाली, आणि तिने खरंच वाईट वाटल्यासारखा सुस्कारा सोडला.

दोघी खाली उतरल्या. धाकटीला आईला काहीतरी म्हणायचं होतं. पण चांगलं म्हणावं इतकं मन अजून निवळलं नव्हतं, आणि वाईट म्हणायला आज तोंड उघडेना. रस्त्यावर आल्यावर तिने फक्त विचारलं, "पुढची जागा कुठेय?"

आईने कागद उलगडला. "तीन गल्ल्या पलीकडे. साडेपाचला बोलावलंय. पण तो फोनवरच म्हणत होता, बघू म्हणून."

"चल," धाकटी म्हणाली, आणि काठी पुढे टाकत ती आईच्या आधी निघाली.